उंची आहे, पण चेंडू पोचतो का?

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस जवळ आले की बास्केटबॉलवरची पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: संघात दोन-तीन उंच मुलं आहेत, तरी सामने हातातून निसटतात. म्हणून हा सगळा भाग उंच खेळाडूंवर उभ्या असलेल्या संघांना दिला आहे. उत्तरं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांना धरून आहेत. पत्रं मोठी होती, प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संघात ६ फूट ५ इंच, ६ फूट ३ इंच आणि ६ फूट २ इंच असे तिघे आहेत. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारे, मात्र साडेपाच फुटांच्या आसपास. कोणत्या प्रकारच्या संघाशी आम्ही वरचढ ठरू आणि कोणाशी जपून खेळावं? – क्रीडाशिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, आधी भिंतीवर खडूने एक माप घ्या. टाचा जमिनीला टेकवून एक हात सरळ वर केल्यावर बोटाचं टोक कुठे लागतं ते पाहा. सारख्याच उंचीच्या दोन मुलांत या मापाचा फरक सहज आठ-दहा सेंटिमीटर निघतो. कुणाचे हात लांब असतात, कुणाची नुसती मान. रिंग ३.०५ मीटरवर आहे. ज्याची बोटं २.५५ मीटरला लागतात त्याला रिंगपर्यंत अर्धा मीटर उडी पुरते, २.३० मीटरवाल्याला पाऊण मीटर लागते. रिंगखाली कोण उभा राहणार हे या मापावर ठरवा.

तुम्हाला सगळ्यात सोपा संघ म्हणजे बुटका आणि मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकेकाला धरून बचाव) खेळणारा. तुमच्या सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या उंच खेळाडूला, पाठीवर माणूस घेऊन चेंडू मागता येतो. मदतीला येणारा स्वतःचा माणूस मोकळा सोडूनच येतो. शॉट चुकला तरी परत वर जाणारा पहिला हात तुमचाच असतो. असा संघ लवकर फाउलमध्ये अडकतो. एका क्वार्टरमध्ये त्यांचे चार सांघिक फाउल झाले की पाचव्यापासून तुम्हाला दोन-दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून क्वार्टरच्या पहिल्या चार मिनिटांतच चेंडू हट्टाने आत द्या, म्हणजे उरलेली सहा मिनिटं त्यांचा बचाव हात आखडून खेळेल. बरेच संघ नेमकं उलट करतात. सुरुवातीला बाहेरून शॉट मारत बसतात आणि दोन मिनिटं उरली की सेंटरची आठवण होते. तोवर समोरच्यांचे दोनच फाउल झालेले असतात आणि ते निर्धास्तपणे धक्के देतात.

पण समोरचा प्रशिक्षक जाणता असेल तर उंच सेंटर पाहून तो २-३ झोन लावेल, म्हणजे दोघं पुढे आणि तिघं रिंगखाली उभे राहून माणसाऐवजी जागा राखतील. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, बचाव करणाऱ्यालाही, तो कुणाला जवळून मार्क करत नसेल तर, तीन सेकंदांहून जास्त पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात) थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत ही अट नाही. तीन जण चाळीस मिनिटं रिंगखाली ठाण मांडून बसू शकतात, आणि तुमच्या सेंटरला मात्र तीन सेकंदांत बाहेर यावं लागतं. पेंटची रेघ पेंटमध्येच धरतात, रेघेवर पाय असला तरी मोजणी चालू असते. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर वाट काढावी तशी आत स्थिती होते. अशा वेळी तिन्ही उंच मुलांना रिंगखाली उभं केलं तर गर्दी तुम्हीच वाढवता.

झोनची गाठ फ्री थ्रो रेषेच्या मधोमध सुटते. ६ फूट ३ इंचाच्या मुलाचे हात पास द्यायला बरे असतील तर त्याला तिथे, हाय पोस्टवर उभं करा. क्रम असा ठेवा. चेंडू एका विंगवर (बाजूच्या कडेला) जातो. झोन तिकडे सरकतो. विंगवरून चेंडू हाय पोस्टला येतो आणि झोनमधल्या मधल्या माणसाला निवड करावी लागते. तो वर आला तर ६ फूट ५ इंचवाला त्याच्या पाठीमागे मोकळा. तो खालीच राहिला तर हाय पोस्टवाल्याला साडेचार मीटरवरून उभ्याउभ्या शॉट. दोन्ही कोपऱ्यांचे बचावपटू सरकून आत आले तर पलीकडच्या कोपऱ्यातला गार्ड मोकळा. हाय पोस्टवाल्याला एकच सवय लावा: चेंडू घेताच आधी रिंगकडे वळायचं, मगच पुढचा विचार. पाठ रिंगकडे ठेवून तो बाहेरच पास देत राहिला तर झोनला काडीचाही त्रास होत नाही. हाय पोस्टवर जो जाईल त्याला साडेचार मीटरचा शॉट जमलाच पाहिजे. शंभरात पस्तीससुद्धा पडत नसतील तर झोन त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही, मग तिथे उंची कमी असलेला पण हात बसलेला फॉरवर्ड चालेल.

तुमची खरी परीक्षा प्रेस लावणारा, म्हणजे मैदानभर अंगावर येऊन दाबणारा, पळणारा संघ घेईल. पत्रात गार्ड साडेपाच फुटांचे असं लिहिलंय, धोका तिथेच आहे. चेंडूने ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडली पाहिजे. १-२-१-१ प्रेसमध्ये समोरचे मुद्दाम पहिला पास कोपऱ्यात देऊ देतात आणि लगेच दोघं धावून येतात. साइडलाइन आणि एंडलाइन धरून चार बचावपटू झाले म्हणायचे. त्या वेळी बुटक्या गार्डला चार उंचावलेल्या हातांवरून काहीच दिसत नाही, तो घाबरून उंच, हळू पास टाकतो आणि तो मध्येच उचलला जातो. उंच मुलं या क्षणी कुठे असतात? पुढच्या रिंगखाली, चेंडूची वाट पाहत.

उपाय तुमच्याच उंचीत आहे. बास्केट पडल्यावर इनबाउंड, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत देणं, ६ फूट २ इंचवाल्याने करावं. त्याला पुढच्या बचावपटूच्या डोक्यावरून पाहता येतं, आणि बास्केटनंतर एंडलाइनवर दोन्ही बाजूंना पळत जागा बदलण्याची मुभा असते. दुसऱ्या उंच मुलाने मधल्या वर्तुळाच्या अलीकडे येऊन चेंडू मागावा. त्याने चेंडू हनुवटीवर धरायचा, पुढे वळायचं आणि पलीकडच्या बाजूने पळणाऱ्या गार्डला द्यायचा. ड्रिबल करायचा नाही, कारण उंच मुलाचा ड्रिबल उंच येतो आणि मागून येणारा हात तो अलगद काढून नेतो. सरावात पाच विरुद्ध सात खेळवा. सात जणांची प्रेस फोडता आली तर पाच जणांची सोपी वाटेल.

पळणाऱ्या संघाविरुद्ध दुसरी गळती परतण्यात होते. तिघंही रिबाउंडसाठी (चुकून परत उडालेल्या चेंडूसाठी) आत घुसतात, चेंडू समोरच्याला मिळतो आणि दोन पासमध्ये लेअप, म्हणजे रिंगजवळून सोपा शॉट. नियम ठरवून टाका. शॉट सुटताच, म्हणजे हातातून निघताच, एक गार्ड मधल्या रेषेकडे आणि दुसरा आपल्या पेंटकडे निघेल. शॉट पडतो की चुकतो हे पाहायला थांबायचं नाही. आत गेलेल्या तिघांपैकी चेंडूच्या सगळ्यात जवळचा उंच मुलगा रिबाउंड घेणाऱ्यासमोर हात वर करून दोन सेकंद उभा राहील. नुसता पहिला पास उशिरा निघाला तरी त्यांचा ब्रेक, म्हणजे झटपट हल्ला, मोडतो.

पाचही जण बाहेरून शॉट मारणारा संघ हा तिसरा अवघड प्रकार. तुमच्या सेंटरला ६.७५ मीटरच्या थ्री पॉइंट रेषेवर ओढलं की रिंग उघडी पडते. पिक अँड रोलवर (समोरचा एक जण चेंडूवाल्याच्या बचावपटूला अंगाने अडवतो, म्हणजे स्क्रीन देतो, आणि मग रिंगकडे वळतो) सेंटरने फ्री थ्रो रेषेच्या एक पाऊल मागे थांबावं आणि गार्डने स्क्रीनच्या वरून, चेंडूवाल्याला चिकटून यावं. स्क्रीन देणाराच थ्री पॉइंटर मारत असेल तर मात्र हा उपाय फसतो. मग सेंटरला त्यांच्या सगळ्यात कच्च्या शूटरवर लावा आणि ६ फूट २ इंचवाल्याला शूटरवर. तेही जमेना तर तुम्हीच २-३ झोन खेळा, लांब हातांचे तिघं मागे. इथे एक चूक हमखास होते. झोनमध्ये बॉक्सआउट (रिबाउंडआधी पाठीने अडवणं) कुणाचा करायचा हे ठरलेलं नसतं, त्यामुळे उंच मुलं वर पाहत उभी राहतात आणि बुटका फॉरवर्ड मधून घुसून चेंडू नेतो. शॉट सुटला की प्रत्येकाने आधी जवळचं अंग पाठीने शोधायचं, मग चेंडू. लांबून चुकलेला शॉट लांबच उडतो आणि कोपऱ्यातून चुकलेला बहुधा पलीकडच्या बाजूला पडतो. ते रिबाउंड तुमच्या गार्डनीच घ्यायचे आहेत. उंचांनी फक्त वाट अडवायची.

समोरही उंचच संघ आला तर सामना फाउलवर आणि बाकावरच्या चौथ्या उंच मुलावर जातो. तो तयार ठेवा.

प्रश्न : मी आमच्या मुलींच्या संघाची सेंटर आहे, उंची ५ फूट १० इंच. चेंडू मिळाला की दोघी अंगावर येतात आणि माझ्या हातून चेंडू सुटतो. सर ओरडतात की ताकद कमी पडते. खरंच ताकद कमी आहे का? – खेळाडू, बार्शी

उत्तर : ताकदीचा भाग थोडा, क्रमाचा मोठा. दुसरी मुलगी बहुतेकदा तू चेंडू खाली आणल्यावर येते. चेंडू पोटाजवळ आला की तो बुटक्या मुलीच्या हाताच्या उंचीवर येतो, म्हणजे तुझी उंचीची कमाई तू स्वतःच परत करतेस. पास दोन्ही हातांनी घे, चेंडू सरळ हनुवटीखाली आण, कोपरं बाहेर काढून तिथेच घट्ट धर. कोपरं फिरवायची नाहीत, फाउल होतो.

मग लगेच शॉट नको. ‘एक’ म्हणायला लागतो तेवढा वेळ थांब आणि मधल्या बाजूच्या खांद्यावरून पाहा, एंडलाइनच्या खांद्यावरून नव्हे. दुसरी मुलगी येते ती तीन वाटांनी. जिने तुला पास दिला तिची बचावपटू खाली उतरते. किंवा फ्री थ्रो रेषेवरची येते. किंवा एंडलाइनकडून समोरच्या बाजूची सरकते. पहिल्या प्रकारात पास देणारीच मोकळी झालेली असते, तिला परत दे. तिने मात्र पास देऊन तिथेच खिळून राहू नये, दोन पावलं सरकावं, नाहीतर बचावपटू अर्ध्या वाटेवर उभी राहून तुम्हा दोघींना सांभाळते. दुसऱ्या प्रकारात तुझ्या डोळ्यासमोरची वरची मुलगी मोकळी. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण ती पाठीमागून येते आणि दिसत नाही. तिथे पलीकडच्या बाजूच्या तुझ्या सहकारी मुलीने मोठ्याने ओरडून रिंगकडे कापत यायचं. सेंटरचे डोळे पाठीला नसतात, ते काम चौघींच्या आवाजाने करायचं असतं.

ड्रिबल करायचाच तर एक, जोरात, दोन्ही पायांच्या मध्ये. दोन ड्रिबल म्हणजे दोघींना बोलावणं. आणि अंगाला चिकटून बचाव होत असताना चेंडू हातात धरून पाच सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही, हे मनात मोजत राहा.

सरावाची पद्धत अशी. एक बचावपटू तुझ्या पाठीवर, दुसरी तीन मीटरवर. प्रशिक्षक तुझ्या पाठीमागे राहून हाताने दुसरीला खूण करतात, ती कधी येते, कधी येत नाही. आली तर पास, नाही आली तर शॉट. एका वेळी वीस चेंडू. पहिल्या आठवड्यात वीसपैकी बारा निर्णय बरोबर आले तरी पुष्कळ. बास्केट पडली का ते लिहू नका, निर्णय लिहा. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

प्रश्न : समोरचे आमच्या सेंटरच्या पुढे येऊन उभे राहतात. वरून पास टाकला की मागून दुसरा येऊन उचलतो. – पंढरपूर

उत्तर : याला फ्रंटिंग म्हणतात आणि ते नेहमी दोन जणांचं काम असतं, एक पुढे, एक पाठीमागे मदतीला. मागचा हलवला नाही तर वरचा पास पडणारच. म्हणून पास देण्याआधी पलीकडची बाजू रिकामी करा. तिथल्या खेळाडूने हाय पोस्टवर यावं, म्हणजे त्याचा बचावपटू तरी वर येईल, नाहीतर तोच मोकळा होईल.

मग चेंडू विंगवरून थेट टाकू नका, हाय पोस्टला द्या. कोन बदलला की जो पुढे उभा होता तो आता बाजूला पडतो. सेंटरने त्याच्या कमरेला आपली कंबर लावून एक पाय त्याच्या पायापुढे रोवायचा आणि त्याला बाहेरच ठेवायचं. हातांनी ढकलायचं नाही, रेफ्री हात पाहतात. पास बोर्डाच्या जवळच्या कोपऱ्याच्या दिशेने, सेंटरच्या लांबच्या हाताकडे टाका. तो पास उशिरा आला तर सगळी मेहनत वाया, कारण अशी पकड दोन सेकंदांच्या वर टिकत नाही. पासवाल्याने सेंटरचा उघडा पंजा दिसताच चेंडू सोडावा.

उघड्या सिमेंटच्या मैदानावर एक खबरदारी. संध्याकाळी वारा असला की तरंगता पास वळतो. सामन्याआधी दोन्ही रिंगांवर चार-पाच असे पास टाकून पाहा आणि कोणत्या बाजूने टाकायचा ते ठरवा. बारीक खडी असेल तर टप्प्याचा पासही घसरून खाली राहतो. मैदान झाडून घेतल्याशिवाय पोस्टला, म्हणजे रिंगजवळ उभ्या असलेल्याला, टप्प्याचा पास नको.

प्रश्न : मोबाइलवर अमेरिकन कॉलेजचे सामने पाहतो. ७ फूट ४ इंचाचा सेंटर झॅक एडी असूनही पर्ड्यू विद्यापीठ हरलं कसं? आणि त्याच्यासारखं खेळायला गेलो तर इथे जमत का नाही? – विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : दोन पराभव पाहायला हवेत, कारण ते उलट्या कारणांनी झाले.

१७ मार्च २०२३ रोजी पहिल्या मानांकित पर्ड्यूला फेअरली डिकिन्सनने ६३-५८ असं हरवलं. पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची ती दुसरीच वेळ, पहिली २०१८ सालची. फेअरली डिकिन्सन हा त्या मोसमात डिव्हिजन एक या सगळ्यात वरच्या गटात सरासरी उंचीने सगळ्यात बुटका संघ. त्यांनी मैदानभर दाब ठेवला, एडीच्या पुढे एक आणि मागे एक उभा केला आणि बाहेरच्यांना शॉट मारू दिले. पर्ड्यूचे २६ पैकी फक्त ५ थ्री पॉइंटर पडले. एडीने २१ गुण आणि १५ रिबाउंड घेतले, पण त्याच्या वाट्याला शॉट आले अवघे ११.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या ८ एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात कनेक्टिकटने उलटं केलं. त्यांच्याकडे ७ फूट २ इंचाचा डोनोव्हन क्लिंगन होता. एडीवर बहुतेक वेळ एकच माणूस ठेवला आणि उरलेले शूटरना चिकटून राहिले. एडीने ३७ गुण केले. बाकी सगळ्यांचे मिळून २३. पर्ड्यूने थ्री पॉइंटर मारलेच फक्त ७, पडला १. निकाल ७५-६०. एकदा सेंटरला तोडलं, एकदा त्याला सोडून बाकीच्यांना तोडलं. सेंटरच्या दोन पास पलीकडे काय घडतं तेच दोन्ही वेळा निर्णायक ठरलं.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो जास्त कामाचा आहे. अमेरिकन कॉलेजच्या मैदानावर पेंटची रुंदी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. आपल्या मैदानावर ४.९० मीटर. प्रत्येक बाजूला ६२ सेंटिमीटर जास्त. व्हिडिओतला सेंटर पेंटच्या कडेला चेंडू घेऊन एका पावलात हूक (एका हाताने डोक्यावरून वळवलेला शॉट) मारतो. तू तीच हालचाल इथे केलीस की तो शॉट पाऊण पाऊल लांबून सुटतो आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. म्हणून इथे एक ड्रिबल धरूनच हालचाल बसव: चेंडू, एक जोराचा ड्रिबल मध्याकडे, दोन पायांवर थांबणं, मग हूक. उभं राहायची जागा एंडलाइनपासून २.६० मीटरवर सुरू होणाऱ्या जाड खुणेच्या किंचित वर घे. खुणेच्या खाली उभा राहिलास तर बोर्डाचा कोन जातो आणि एंडलाइनच बचाव करते.

एक गोष्ट मात्र आपल्या नियमांत उंच खेळाडूला जास्त मोकळीक देते. फिबात मैदानी शॉट रिंगला लागला की तो रिंगच्या वर असतानाही कोणीही टोलवू शकतो, आत किंवा बाहेर. अमेरिकन कॉलेजमध्ये चेंडू रिंगच्या वर त्या घेरात असेपर्यंत हात लावता येत नाही. आपल्याकडे फक्त खालून जाळीतून हात घालायचा नाही आणि रिंग हलवायची नाही. व्हिडिओ पाहून शिकलेली मुलं चेंडू रिंगवर नाचताना हात मागे घेतात आणि हक्काचे दोन गुण सोडतात. ज्यांचा हात तिथवर पोचतो त्यांना हे आवर्जून सरावात करायला लाव.

प्रश्न : मी संघाची आकडेवारी लिहितो. उंच संघासाठी कोणते आकडे ठेवावेत? – अकलूज

उत्तर : गुण आणि रिबाउंडची नुसती बेरीज फसवते. जास्त शॉट चुकले की रिबाउंडही जास्त मिळतात. दोन आकडे काढा.

पहिला, आपल्या चुकलेल्या शॉटपैकी किती परत मिळाले. आपले आक्रमणातले रिबाउंड, भागिले ते अधिक समोरच्याचे बचावातले रिबाउंड. समजा आपले १४ आणि त्यांचे २१. १४ भागिले ३५, म्हणजे ४० टक्के. उंच संघाचा आकडा ३० च्या खाली आला तर उंची फुकट जातेय, बॉक्सआउट खाल्ला जातोय.

दुसरा, ताबे, म्हणजे चेंडू किती वेळा आपल्या ताब्यात आला. मारलेले शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट. समजा ६२ शॉट, १४ रिबाउंड, १७ चेंडू गमावले, २० फ्री थ्रो. ६२ वजा १४ अधिक १७ अधिक ८.८, म्हणजे सुमारे ७४ ताबे. गुण ६६ असतील तर एका ताब्याला ०.८९. आता १७ कडे पाहा. जवळजवळ चौथा भाग शॉट न मारताच गेला. ते १७ चेंडू कुठे गेले हे तीन रकान्यांत लिहा: प्रेसमध्ये, पोस्टला पास देताना, पोस्टवाल्याच्या हातून. पहिला रकाना भरला तर गार्डचा सराव, दुसरा भरला तर पासचा कोन, तिसरा भरला तर बार्शीच्या उत्तरातला वीस चेंडूंचा सराव.

आक्रमणातला रिबाउंड मिळाल्यावर शॉटसाठीचं घड्याळ २४ नाही, १४ सेकंदांवर येतं. त्या दुसऱ्या संधीत किती गुण झाले तेही वेगळं लिहा. चेंडू पार मधल्या रेषेपर्यंत परत आणून नव्याने खेळ मांडणारे संघ तिथे घाबरून वेडावाकडा शॉट टाकतात.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, ६ फूट ४ इंच. त्याला फक्त रिंगखाली उभं करतात. गुडघाही दुखतो म्हणतो. काय करावं? – पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी गुडघा. वाटीच्या खाली दुखत असेल, जिना उतरताना किंवा उडीनंतर वाढत असेल, तर सिमेंटवरच्या उड्या कमी करा. आठवड्यात तीनच दिवस उडीचा सराव, मध्ये एक दिवस मोकळा. वाढीच्या वयात हाडाची वाढ वेगाने होते आणि वाटीखालचा स्नायुबंध ताणला जातो, त्यात कठीण मैदानाचा मार. दोन आठवड्यांत उतार पडला नाही किंवा सूज आली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, पट्टा बांधून खेळवू नका. बुटाचा तळवा गुळगुळीत झाला असेल किंवा आतलं पॅड बसलं असेल तर बूट बदला. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच.

खेळाचं म्हणाल तर या वयात त्याला फक्त रिंगखाली ठेवणं चुकीचं आहे. १६ व्या वर्षी ६ फूट ४ इंच म्हणजे आपल्याकडे सेंटर, पण विद्यापीठाच्या पुढच्या स्पर्धांत हीच उंची फॉरवर्डची ठरते. तिथे त्याला समोर तोंड करून खेळावं लागेल. रोज अर्धा तास वेगळा द्या. दहा मिनिटं दोन्ही हातांनी ड्रिबल, मान वर. दहा मिनिटं मायकन सराव: रिंगखाली उजवीकडून, डावीकडून आळीपाळीने, चेंडू हनुवटीच्या खाली न आणता, ३० सेकंदांत १२ बास्केट हे पहिलं लक्ष्य. हा सराव ज्याच्या नावाचा त्या जॉर्ज मायकनमुळे एनबीएने १९५१ मध्ये पेंट ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला होता. उरलेली दहा मिनिटं फ्री थ्रो, पण दमल्यावर. मैदानाच्या दोन फेऱ्या, दोन फ्री थ्रो, परत दोन फेऱ्या. ताज्या हाताने सलग पन्नास मारण्यापेक्षा हे वीस जास्त उपयोगी, कारण सामन्यात ते दोन-दोनच मिळतात आणि धापा टाकतानाच मिळतात.

प्रश्न : आमच्या सेंटरला पहिल्या दहा मिनिटांतच दोन फाउल होतात. – मोहोळ

उत्तर : बचाव करताना त्याचे हात पुढे पडत असणार. हात डोक्यावर सरळ, उडी जागच्या जागी. बचावपटूने जागा धरून सरळ वर उडी मारली तर त्याच्यावर येऊन आदळणाऱ्यामुळे त्याला फाउल देत नाहीत. हात पुढे झुकला की देतात. सरावात त्याच्या दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू द्या, म्हणजे पकडण्या-चापट्यांची सवय मोडेल. दुसरा फाउल झाला की दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत त्याला बसवा, तेवढा वेळ झोन खेळा, आणि परत आणल्यावर पहिली दोन मिनिटं त्याला त्यांच्या सगळ्यात कमी शॉट मारणाऱ्यावर लावा.